अकरा पोकळ चौकोन

मला नकाशे काढायला फार आवडायचं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझा हेतू वाईट होता असं कुणाला वाटायला नको. हेतू चांगला होता, अक्षर चांगलं होतं, शाईच्या रेघा तर इतक्या सरळ यायच्या की आमच्या विभागातले शिपाईसुद्धा मान वाकडी करून बघून जायचे. त्या सरळ रेघांनीच माझा घात केला असं मी बरीच वर्षं म्हणत आले. तेही खरं नाही. घात माझा मीच केला, आणि तो माझा झालाच नाही, दुसऱ्यांचा होता होता राहिला.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटची ती वर्षं. मी भूगोलात एम.ए. करून धुळ्याला संशोधन करत होते. घर जळगावजवळ असोद्याला. केळीची बाग, थोडा कापूस. मुलगी पुढे शिकते याचं वडलांना कौतुक होतं, पण शिकते काय हे त्यांना अखेरपर्यंत कळलं नाही. "शहराचा अभ्यास करते," असं मी सांगितलं तर ते म्हणाले, "शहरात राह्यलं म्हंजे समजते ना शहर. त्याचा काय अभ्यास करा लागते?" मी तेव्हा हसले होते. धुळ्याला मी मावशीकडे राहायची. मावशीची एकच अट होती, दिवेलागणीच्या आत घरात. ती अट मला जाचक वाटायची नाही, कारण मी मुळात भित्री. एस.टी. चुकेल, पेनातली शाई सांडेल, सर रागावतील, अशा बारीकसारीक धास्त्या घेऊनच मी उठायची आणि झोपायची.

आमच्या सरांनी मला नाल्याकाठची एक वस्ती दिली. शहर वाढत होतं, हमरस्त्याच्या बाजूने नव्या कॉलन्या पडत होत्या, आणि जुन्या शहराच्या कडेला नाल्यालगत आपोआप उगवलेल्या वस्त्यांचा नकाशा कुणाकडेच नव्हता. प्रत्येक घर मोजायचं, नकाशावर दाखवायचं, माणसं किती, काम काय, पाणी कुठून आणतात ते लिहायचं. माझ्याबरोबर आणखी एक संशोधक होता. तो रोज सोनगीरहून एस.टी.ने यायचा, म्हणून विभागात सगळे त्याला सोनगीरवाला म्हणायचे. त्याच्याकडे नाल्याची पलीकडची बाजू होती, माझ्याकडे अलीकडची. तो माझ्यापेक्षा वर्षभराने मोठा आणि स्वभावाने अगदी निवांत. टेप धरायला मी त्याच्याकडे जायची, तो माझ्याकडे यायचा. बाकी वेळ कापडी पिशवीत फळी, पेन्सिली आणि सायक्लोस्टाईल केलेल्या प्रश्नावल्या घेऊन मी एकटी फिरायची.

नकाशाची खूण अगदी सोपी होती. घरात माणसं राहत असतील तर काळा भरलेला चौकोन. घर वापरात नसेल तर नुसती कड काढायची, आत काही भरायचं नाही. आणि सरांचा नियम असा की घराला कुलूप दिसलं तर वेगवेगळ्या तीन दिवशी जायचं. तिन्ही वेळा कुलूपच असेल तर घर वापरात नाही असं धरायचं. नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

नाल्याच्या अगदी काठाला अकरा घरांची एक सरळ ओळ होती. मातीच्या भिंती, वर पत्रा किंवा कौलं, दारं लाकडाची, आणि अकराच्या अकरा दारांना कुलपं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. दुसऱ्यांदा दुपारी एक. तिसऱ्यांदा पुन्हा साडेदहा, साडेअकरा असेल. तिन्ही वेळा कुलूप. शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याला विचारलं, तर त्याला ऐकूच येत नव्हतं. त्याने हात हलवला, मी त्याचा अर्थ "कुणी नाही" असा लावला.

एक गोष्ट मात्र मी पाहिली होती. तिसऱ्या खेपेला एका दारापुढे ओट्यावर भांडी उपडी घातलेली होती आणि त्यांच्याखालची माती ओली होती. हे मला दिसलं. मी तिथे थांबलेसुद्धा. कुणीतरी सकाळी भांडी घासली असणार, हे कळायला भूगोलाची पदवी लागत नाही. पण डोक्यावर ऊन होतं, तीन खेपा पूर्ण झाल्या होत्या, आणि शनिवारी सरांना नकाशा दाखवायचा होता. मी फळीवरच्या कागदावर अकरा पोकळ चौकोन काढले आणि घरी गेले.

नकाशा शाईत उतरला तेव्हा फार देखणा दिसला. काळ्या चौकोनांच्या गर्दीत नाल्याच्या काठाने ती अकराची पांढरी ओळ उठून दिसायची. सरांनी चष्मा काढून, पुन्हा घालून तो पाहिला. मग त्यांनी त्याच्यावर सही केली, आणि महिन्याभरात त्याची एक प्रत नगररचनेचं काम बघणाऱ्या एका कार्यालयाला दिली. त्यांना नाल्यालगत नवा रस्ता आखायचा होता आणि त्या भागाचा असा बारकाव्याचा नकाशा त्यांच्याकडे नव्हता. "आपलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडतंय," सर म्हणाले. मी त्या रविवारी असोद्याला गेले आणि ही बातमी आईला दोनदा सांगितली.

पुढे अहवाल लिहिताना सरांनी विचारलं, त्या ओळीला तिथले लोक काय म्हणतात? गल्लीला काही नाव असेल. मला माहीत नव्हतं. म्हणून मी पुन्हा वस्तीत गेले, आणि तो दिवस नेमका बाजाराचा निघाला. बाजाराच्या दिवशी मी एरवी तिकडे फिरकत नसे, कारण रस्त्यात गर्दी फार.

वळणावरून ओळ दिसली आणि माझे पाय जागीच थांबले. अकराही दारं उघडी होती. एका ओट्यावर बाई गहू निवडत होती. दुसऱ्या दारात एक माणूस दाढी करत बसला होता, आरसा कौलाच्या वाशाला टांगलेला. धूर होता, रेडिओ होता, दोन शेळ्या होत्या, पोरं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती. मी खुळ्यासारखी बोटाने दारं मोजत राहिले. अकरा.

गहू निवडणाऱ्या बाईने मला पाहिलं. पन्नाशीची असेल. केसांत कापसाचे पांढरे तंतू अडकलेले होते. तिला ओळीतले सगळे आक्का म्हणत, मीही पुढे तेच म्हणू लागले.

"ये बाई, बस. उन्हमा कसाले उभी शे?" ती म्हणाली.

मी बसले आणि विचारलं, तुम्ही इथे कधीपासून राहता? ती म्हणाली, बारा-तेरा वर्षं झाली. मग दिवसा घरं बंद का असतात?

"बठ्ठा जिनमा जातस. दिवस निंघाना पहिले जातस, दिवस बुडाना मांगे येतस. आज बाजार शे, म्हनीसन घर शेतस."

कापसाचा हंगाम सुरू होता. सरकी वेगळी करणाऱ्या जिनात ओळीतली सगळी धडधाकट माणसं कामाला जायची, आणि जिन बंद असायचा तो फक्त बाजाराच्या दिवशी. लेकरंसुद्धा बरोबर न्यायची, रुईच्या ढिगाशेजारी खेळायला सोडायची. माझ्या तिन्ही खेपा भर दिवसाच्या. मी दिवे लागल्यावर एकदा जरी आले असते तर अकरा चुली पेटलेल्या पाहिल्या असत्या. पण दिवे लागायच्या वेळेला मी मावशीच्या घरात बसून चौकोनांत शाई भरत होते.

मी केळी-कापसाच्या गावची मुलगी. आमचा स्वतःचा कापूस जिनात जायचा. हंगामात जिनावरच्या बायका कधी घरी असतात हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला मला लाज वाटते.

आक्काने चहा दिला. मी तो संपवला, गल्लीचं नाव न विचारताच उठले आणि तडक त्या कार्यालयात गेले. नकाशे बघणाऱ्या साहेबांना म्हटलं, आमच्या नकाशात एक नाव घालायचं राहिलंय, जरा बघू का? त्यांनी कौतुकाने माझीच प्रत टेबलावर पसरली. तिच्यावर लाल पेन्सिलीने रस्त्याच्या दोन समांतर रेघा मारल्या होत्या. त्या रेघा वस्तीच्या काळ्या भागाला अगदी काळजीपूर्वक टाळून गेल्या होत्या आणि माझ्या अकरा पोकळ चौकोनांच्या बरोबर वरून.

"बघा," साहेब म्हणाले, "एकही राहतं घर जात नाही. असा नकाशा असला की आमचं काम सोपं होतं."

मी मान हलवली. बाहेर आल्यावर जिन्यात बसून राहिले.

खरं म्हणजे मी तेव्हाच परत आत जायला हवं होतं. मी आठ दिवस कुणाला काहीच बोलले नाही. त्या आठ दिवसांचा मला आजही राग येतो. त्याच सुमारास कॉलेजात अधिव्याख्यात्याची एक जागा निघणार होती आणि सर माझं नाव पुढे करतील अशी कुजबुज होती. ज्या नकाशावर सरांची सही, तोच चुकीचा निघाला तर कुठलं नाव आणि कुठली जागा? मी स्वतःला सांगत होते की रस्ते काय लगेच होतात, सरकारी काम आहे, वर्षं जातील. मग वाटायचं, उद्याच मोजणीवाले साखळ्या घेऊन तिथे उभे राहिले तर? जेवण जाईना. मावशीला वाटलं मला कावीळ होतेय, तिने डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या. असोद्याला गेले तर आई म्हणाली, "तुह्या मनात काय हाये ते सांग. नही सांगत तं जेव तरी." मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

शेवटी सोनगीरवाल्याला सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, हातातल्या भुईमुगाच्या शेंगा सोलत.

"तीन वेळा गेला होतात ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मग नियम पाळला तुम्ही. चूक नियमाची."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं नाही. मी त्याला त्या ओल्या मातीचं सांगितलं. तेव्हा त्याने शेंगा बाजूला ठेवल्या.

"हे सरांना सांगितलंत?"

"नाही."

"मग आता चला."

सर ओरडतील असं मी धरून चालले होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी नकाशाची मूळ प्रत काढली, भिंगाने ती ओळ पाहिली, आणि म्हणाले, "सही माझी आहे. मीही एकदा त्या बाजूला जाऊन यायला हवं होतं." त्यांनी तिथल्या तिथे कार्यालयाला पत्र लिहिलं, चूक स्पष्ट शब्दांत कळवली, आणि पत्र न्यायला मलाच सांगितलं. ही शिक्षा होती की विश्वास, ते मी कधी विचारलं नाही.

साहेबांनी पत्र वाचलं. ते चिडले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. आराखडा पुढे पाठवायचा दिवस जवळ आला होता. नुसत्या पत्रावर रेघ हलवता येणार नाही, ते म्हणाले. स्वतः येऊन पाहणी करीन, घरं राहती आहेत असं दिसलं तर तशी नोंद घेईन. पुढच्या सोमवारी सकाळी.

मी आक्काकडे गेले आणि ओळीतल्या सगळ्यांना सांगितलं की कागदावर ही घरं चुकून रिकामी लागली आहेत, साहेब बघायला येणार आहेत, त्या दिवशी घरं उघडी पाहिजेत.

"म्हंजे आम्ही नही शेतस असं लिखेल शे?" आक्काने विचारलं.

"हो. दिवसा कुलूप दिसलं, म्हणून."

"कोनी लिखं?"

मी म्हटलं, मोजणीत चुकून लागलं. मोजणी कुणी केली ते बोलले नाही. ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली, मग सुनेला म्हणाली की सोमवारी जिनात जायचं नाही.

सोमवारी अकरा घरांतली तीस-बत्तीस माणसं कामावर गेली नाहीत. बायकांनी ओटे सारवले. मी सकाळी सातपासून वळणावर उभी होते. साहेब आले नाहीत. दुपारी कळलं, त्यांना अचानक बैठकीला जावं लागलं. गुरुवार ठरला. गुरुवारीही सगळे थांबले. साहेबांची जीप बिघडली. मग पुढचा मंगळवार. त्या दिवशी ते का आले नाहीत ते मला आठवतही नाही. माणूस वाईट नव्हता, त्याच्या टेबलावर दहा कामं होती आणि त्यातलं एक आमचं होतं. पण इकडे तीन दिवसांचे रोज बुडाले होते, आणि तेही माझ्या सांगण्यावरून. दर वेळी दुपारी आक्का विचारायची, "सायेब आजबी उना नही ना?" त्या प्रश्नात राग नसायचा. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

चौथ्या वेळी शुक्रवार मिळाला. मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतंच. शुक्रवारी उजाडता उजाडता गेले तर ओळीतली सगळी माणसं डोक्याला फडकी बांधून, भाकरीची गाठोडी घेऊन निघायच्या तयारीत.

"आक्का, आज साहेब नक्की येणार आहेत."

"येवोत ना. आज कोनी थांबाव नही. मुकादम म्हने, आते नाव काढी टाकसू." तिने आपल्या दाराकडे बोट केलं. "दरवाजा उघडाच ठेवीसन जातस. तू बस."

मी बघितलं. अकराही दारं सताड उघडी होती. कुलपं आत खुंट्यांवर लटकवलेली. मी कुलपाचं कारण सांगितलं होतं, तर त्यांनी कुलूपच काढून टाकलं. त्यांच्या दृष्टीने हा हिशोब अगदी सरळ होता. ती सगळी माणसं नाल्याच्या पायवाटेने जिनाकडे निघून गेली आणि अकरा उघड्या घरांपुढे मी एकटी उरले.

अशी भीती मला आयुष्यात पुन्हा वाटली नाही. आत सगळं दिसत होतं. मांडणीवरची पितळी भांडी, पत्र्याच्या ट्रंका, घड्या घालून ठेवलेल्या गोधड्या, एका घरात शिलाई मशीन. बारा-तेरा वर्षांत कापसाच्या धुळीत खोकून जमवलेलं सगळं, आणि राखणीला मी. मी ओळीच्या मधोमध एका दगडावर बसले. मग वाटलं, टोकाची घरं दिसत नाहीत. उठून फेऱ्या मारायला लागले. तिसऱ्या घरात शेळी शिरली, तिला हाकलेपर्यंत नवव्यात कुत्रं गेलं आणि भाकरीच्या टोपल्यात तोंड घालू लागलं. मी पायातली चप्पल काढून धावले. एक भंगारवाला सायकल हातात धरून आला, त्याने सहज दारांकडे पाहिलं, तर मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा हाक न घालताच निघून गेला. साडेआठ झाले. नऊ झाले. साहेब आज आले नाहीत तर उद्या या लोकांना काय सांगायचं, आणि आले तर काय दाखवायचं? उघडी दारं आणि आत माणूस नाही. हे तर रिकाम्या घरापेक्षा जास्त रिकामं दिसत होतं. ते म्हणतील, सोडून गेले वाटतं लोक. मला रडू फुटायचं बाकी होतं.

साडेनऊच्या सुमारास मोटारसायकलचा आवाज आला. सोनगीरवाला होता. कुणाची तरी मोटारसायकल मागून त्याने साहेबांना त्यांच्या घरून उचललं होतं आणि मागे बसवून थेट आणलं होतं. ऑफिसात पोचले की पुन्हा बैठक निघेल, एवढं त्याने ओळखलं. मला न विचारता, मला न सांगता.

साहेब उतरले, टोपी सारखी केली, ओळीकडे पाहिलं. "माणसं कुठे आहेत?"

"जिनात गेली आहेत सर. रोज जातात. संध्याकाळी येतात. तीन दिवस थांबली होती तुमच्यासाठी, पण..." माझं वाक्य पुरं झालं नाही.

ते पहिल्या घराशी गेले. ओट्यावर पातेली उपडी घातलेली होती. त्यांनी वाकून एक पातेलं उचललं. खाली मातीवर ओलं वर्तुळ उमटलं होतं.

"भांडी सकाळी घासलेली आहेत," ते म्हणाले आणि वहीत लिहिलं. मग उंबऱ्यातून वाकून चुलीच्या राखेवर हात धरला. "गरम आहे." पुढच्या घरी माठावरचं ओलं फडकं पाहिलं. त्याच्या पुढच्या घरी दोरीवर वाळत घातलेलं लुगडं, टोक अजून ओलं होतं. अकरा घरं बघायला त्यांना वीस मिनिटंही लागली नाहीत. एकाही माणसाला काही विचारावं लागलं नाही.

"घरं राहती आहेत," वही मिटून ते म्हणाले. "हे तर लांबूनही कळतं."

ते मला बोलण्यासाठी बोलले नव्हते. पण ते वाक्य मला जिथे लागायचं तिथे लागलं. मी तेच पातेलं, तशीच ओली माती पाहिली होती आणि घरी जाऊन पांढरा चौकोन काढला होता. सोनगीरवाल्याने मोटारसायकल सुरू केली आणि जाताना मला म्हणाला, "आता बसा जरा." मी बसले नाही. संध्याकाळी जिनातून माणसं परत येईपर्यंत, अंधार पडेपर्यंत, मी त्या ओळीपुढे फेऱ्या मारत होते. मावशीची अट त्या दिवशी पहिल्यांदा मोडली. परतलेल्या प्रत्येक बाईने आत जाऊन भांड्यांवर एक नजर टाकली आणि चुलीला लागली. काहीही गेलं नव्हतं, नवव्या घरातल्या दीड भाकरीखेरीज.

आराखड्यातली लाल रेघ त्या ओळीवरून बाजूला सरकवली गेली. मी सुधारलेला नकाशा काढला, त्यात अकरा चौकोन शाईने गच्च भरले. अधिव्याख्यात्याची जागा मला मिळाली. सरांनी माझंच नाव पुढे केलं, आणि हे त्यांनी का केलं तेही मी विचारलं नाही. तो रस्ता तर पुढे कित्येक वर्षं झालाच नाही. ज्याच्यासाठी एवढा जीव टांगणीला लागला, त्या रेघा कागदावरच राहिल्या.

सात-आठ वर्षांनी मी स्वतःच्या विद्यार्थ्यांना घेऊन त्याच वस्तीत गेले. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. पोरांच्या हातात फळ्या होत्या, प्रश्नावल्या आता झेरॉक्स केलेल्या. मी त्यांना वेगवेगळ्या वेळी यायला लावलं होतं, सकाळी, रात्री, बाजाराच्या दिवशी. कुलपाचा नियम तर मी पार बदलून टाकला होता. एवढं सगळं शिकलेली बाई म्हणून मी जरा ताठ मानेनेच नाल्याकाठी वळले.

सकाळचे अकरा वाजले होते. ओळीतल्या बहुतेक घरांना कुलूप होतं, जिनाचे दिवस होते. आक्काचं दार मात्र सताड उघडं. मी हाक मारली, कुणी नाही. आत मांडणी तीच, भांडी तीच. खुंटीवर ते कुलूप लटकलेलं होतं. किल्ली त्यातच, आणि दोन्ही गंजून एक झालेली.

थोड्या वेळाने ती नळावरून आली. पाठ वाकली होती, आता जिनात जायची नाही, घरकाम करायची. डोळ्यांवर हात धरून तिने मला ओळखलं. माझी चौकशी केली, लग्न झालं का विचारलं. मी मग राहवेना म्हणून म्हटलं, "आक्का, तू पाण्याला जातेस आणि घर असं उघडं टाकतेस? कुलूप का लावत नाहीस?"

"तूच सांगेल व्हतं ना बाई. कुलूप दिसनं का घर रिकामं लिखतस."

"अगं, ते कधीच मिटलं. मीच मिटवलं की. आता कुणी तसं लिहीत नाही. तू खुशाल कुलूप लाव."

तिने पाण्याची कळशी खाली ठेवली आणि गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे माझे विद्यार्थी फळ्या छातीशी धरून दारं मोजत उभे होते. एकजण पेन्सिलीने काहीतरी लिहीत होता.

"त्या पोरं तर आजबी कागद लिसन फिरी राहिनात," ती म्हणाली.

"ते माझेच विद्यार्थी आहेत, आक्का. चांगली मुलं आहेत."

"तू बी चांगलीच व्हती, बाई," आक्का म्हणाली, आणि मला ओट्यावर बसायला सांगून चहा ठेवायला आत गेली.